चांदीचं छत आणि नारोशंकराची घंटा

स्मरणिकेच्या ग्रुपवर विषय वाटले जात होते तेव्हा मी नेमकी मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन पाहते तर माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘दिल्लीत काय काय पाहावं’. कारण सरळ आहे. गेली सहा वर्षं कामासाठी मला दर दोन-तीन महिन्यांनी नोएडाला जावं लागतं. शुक्रवारी काम संपलं की शनिवार माझा. त्यामुळे ग्रुपवर कुतुबमिनारपासून पराठेवाली गलीपर्यंत फोटो टाकणारी मी एकटीच. तेव्हा ‘पाहण्यासारखी ठिकाणं’ लिहायची ती हिनेच, असं ठरलं असणार.

लिहिते. पण आपली दिल्ली सुरू झाली होती ती नोव्हेंबर १९९३ मध्ये, नववीच्या सहलीत. नाशिकरोडहून पंजाब मेल, बाईंच्या पिशवीतला चिवडा आग्र्याच्या आधीच संपलेला, आणि दिल्लीला वाट्याला आलेले पुरते दोन दिवसही नाहीत. कुतुबमिनार, लोटस टेंपल, राजघाट, इंडिया गेट, सगळं बसमधून चढत-उतरत. शेवटी लाल किल्ला. दिवाण-ए-खासमध्ये गाइडने वर बोट दाखवलं आणि म्हणाला, “ये छत पहले चांदी की थी. मराठे उखाड़कर ले गए.”

तेव्हा आपल्यातल्याच एकाने (कोण ते त्याला आठवत असेल, मी नाव घालत नाही) मोठ्याने विचारलं होतं, “सर, मराठे म्हणजे आपणच ना?”

सगळे हसले. सर हसले नाहीत. “शाळेत गेल्यावर सांगतो,” म्हणाले आणि आम्हाला मोती मशिदीकडे घेऊन गेले. शाळेत गेल्यावर चाचणी परीक्षा आली, मग स्नेहसंमेलन, मग वार्षिक परीक्षा. ते सांगायचं राहिलंच.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा सरांना फोन केला. त्यांना तो प्रसंग आठवत होता, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, “अगं, उत्तर येत होतं मला. पण बस सुटायला पाच मिनिटं होती आणि त्या उत्तराला एक तास लागला असता. तुला आता वेळ आहे ना, तर तू दे.” सरांनी दिलेला गृहपाठ तेव्हाही वेळेवर केला नव्हता. आता बत्तीस वर्षं उशिरा करते आहे.

दिल्ली मेट्रोची व्हायलेट लाइन मला आवडते, कारण त्या एका गाडीत आपल्या लोकांची दिल्ली बरीचशी येते. दक्षिणेकडे कालकाजी मंदिर स्टेशन आहे आणि उत्तरेकडे लाल किल्ला. मार्च १७३७ च्या अखेरीला पहिला बाजीराव बादशाही फौजांना हुलकावणी देऊन अचानक दिल्लीजवळ येऊन उतरला तो याच कालिकेच्या देवळाच्या आसपास. शहरातून चालून आलेल्या मोगली तुकडीचा त्याने तालकटोऱ्याजवळ पराभव केला. शहर मात्र लुटलं नाही. लुटलं तर पुढच्या बोलणीची वाटच बंद होईल, असा त्याचा हिशेब होता. चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात त्याने तो मांडला आहे. आज तालकटोरा म्हणजे बाग आणि स्टेडियम. फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं. एका शनिवारी मी तिथे पुस्तकांच्या गर्दीत उभी होते आणि माझ्या पुढच्या रांगेतले दोन काका बाजीराव नेमका कुठून आला यावर तावातावाने भांडत होते. बरं वाटलं.

पण बाजीरावाच्याही आधी दिल्लीत एक नाशिककर येऊन राहिले होते, आणि हे मला शाळेत असताना माहीत असतं तर इतिहासाच्या तासाला मी मागच्या बाकावर नक्कीच बसले नसते. महादेवभट हिंगणे. नाशिकचे तीर्थोपाध्याय. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या मदतीला फौज घेऊन दिल्लीला गेला तेव्हा हे बरोबर होते. त्या मोहिमेचं फळ आपण पाठ केलं होतं: चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि महाराणी येसूबाईंची सुटका. पाठ्यपुस्तकात नव्हतं ते असं की, त्याच फेब्रुवारीत बादशहा फर्रुखसियरला तख्तावरून उतरवताना शहरात दंगल उसळली आणि दिल्लीच्या रस्त्यांवर दीड हजारांच्या आसपास मराठे मारले गेले. नाना फडणविसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांत होते. सनदा आणि येसूबाई सातारला आल्या. महादेवभट मात्र पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीतच राहिले, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांनी तेच काम चालवलं.

वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत. दरबारात बसायचं, कोण कोणावर रुसलंय ते हेरायचं, कोणती फौज कुठे निघाली ते कळवायचं, आणि पुण्याहून पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून सावकारांची तोंडं चुकवायची. या घराण्याचा पत्रव्यवहार ‘हिंगणे दप्तर’ म्हणून भारत इतिहास संशोधक मंडळाने छापला आहे. मी तो वाचायला घेतला तेव्हा ऑफिसातल्या जुन्या सिस्टिमचे लॉग वाचतेय असंच वाटलं. प्रत्येक ओळ कोणीतरी घाईत लिहिलेली, प्रत्येकाला वाटतंय की पुढच्याला संदर्भ माहीत आहे, आणि गोंधळ नेमका कुठे सुरू झाला ते शोधायला दहा पानं मागे जावं लागतं.

आता लाल किल्ला. एक सूचना: सोमवारी बंद असतो. माझ्या एका मैत्रिणीचं विमानाचं तिकीट त्यापायी वाया गेलं आहे. लाहोरी दरवाजातून आत शिरलं की छत्ता चौकातली दुकानं लागतात. तिथे थांबू नका, परतताना थांबा. पुढे नौबतखाना, मग दिवाण-ए-आम, आणि त्याच्या मागे यमुनेच्या बाजूला संगमरवरी दिवाण-ए-खास. शाहजहानने किल्ल्याचा पाया १६३९ मध्ये घातला आणि १६४८ मध्ये तो राहायला आला. मयूरासन याच दालनात असे. नदी आता दूर सरकली आहे. जिथे पाणी होतं तिथून रिंग रोड जातो, त्यामुळे गवाक्षातून पाहिलं की ट्रक दिसतात. किल्ल्याच्या आतल्या बऱ्याच इमारती १८५७ नंतर इंग्रजांनी पाडून बराकी बांधल्या. म्हणून हे महाल आज हिरवळीवर सुटे सुटे, ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे उभे दिसतात.

वर पाहा. आज दिसतं ते लाकडी छत आहे, १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी रंगवलेलं. चांदीचं छत गेलं ते १७६० च्या ऑगस्टमध्ये. गाइड खरंच बोलत होता.

पण तो एकाच वाक्यात बोलला. सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये परतूरहून निघाले तेव्हा बरोबर फौज होतीच, शिवाय यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे यांचा लोंढा होता. उत्तरेतून वसूल मिळेल आणि त्यावर फौज चालेल, असा अंदाज होता. पण पावसाळा लागला, यमुना फुगली. पलीकडच्या दुआबात अब्दाली आणि नजीबखान बसलेले. गोविंदपंत बुंदेल्यांकडून पैसा पुरेसा येईना, आणि पुण्याची तिजोरी आधीच कर्जात. घोड्यांना दाणा नाही, शिपायांचे पगार थकलेले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीचा किल्ला हाती आला, पण खजिना रिकामा होता. नादिरशहाने १७३९ मध्ये मयूरासनासकट सगळं नेलं होतं, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत दरबारातल्याच वजिरांनी उरलंसुरलं विकून खाल्लं होतं. उरलं होतं ते डोक्यावरचं छत. भाऊंनी ते उतरवलं, वितळवलं, रुपये पाडले. किती, याचे आकडे ग्रंथागणिक बदलतात. कुणी नऊ लाख म्हणतं, कुणी सतरा. कोणताही धरला तरी एवढ्या फौजेचा त्यात महिना-दीड महिना निघाला असता, त्याहून जास्त नाही.

सूरजमल जाट तेव्हा भाऊंबरोबर होता. पैसे मी देतो पण छताला हात लावू नका, असं त्याने विनवलं, असं सांगतात. थोड्याच दिवसांत तो आपली फौज घेऊन निघून गेला. त्याच्या जाण्यामागे आणखीही कारणं होती. पण बादशहाच्या घराचं छत उतरवणारे आपल्याला उद्या कसे वागवतील, हा प्रश्न उत्तरेतल्या कोणालाही पडला असता. बाजीरावाने तेवीस वर्षांपूर्वी जे जाणून हात आवरला होता, त्याच्या पुतण्याला तेवढी उसंत मिळाली नाही. मला भाऊंचा राग येत नाही. पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसलेली छोटी कंपनी मी आतून पाहिली आहे. त्या महिन्यात माणसं काय काय विकायला काढतात ते मला ठाऊक आहे. पण म्हणून गाइडचं वाक्य खोटं ठरत नाही.

आता नाशिककरांसाठी. ऑक्टोबरमध्ये भाऊ कुंजपुऱ्याकडे निघाले तेव्हा मागे दिल्ली सांभाळायला काही हजार माणसांनिशी कोणाला ठेवलं असेल? नारोशंकर राजेबहाद्दर. होय, तेच. आपल्या घंटेचे नारोशंकर. मालेगावचा भुईकोट त्यांचा, झाशीच्या किल्ल्याचा मोठा विस्तार त्यांनी केलेला, आणि पंचवटीतलं गोदाकाठचं रामेश्वराचं देऊळ त्यांनीच १७४७ मध्ये बांधलेलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं संपलं तेव्हा ते दिल्लीत होते. बातमी पोचल्यावर शहर सोडून दक्षिणेची वाट धरण्यावाचून त्यांच्यापुढे काही उरलं नव्हतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ती नोएडाच्या हॉटेलात, रात्री बारा वाजता. आणि पहिली आठवण झाली ती आपल्या पीटीच्या सरांची. त्यांच्या आवाजाला आपण काय म्हणायचो? नारोशंकराची घंटा! पूर आला की पाणी घंटेपर्यंत गेलं का, एवढंच विचारायचो आपण. ती घंटा तिथे कशी आली, हे कधी विचारलं?

ती वसईची आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. पोर्तुगिजांची, चर्चमधली. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा विजयाची खूण म्हणून तिथल्या घंटा उतरवून वेगवेगळ्या सरदारांनी आपापल्या देवांना वाहिल्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावरची घंटाही त्यांतलीच. साल पुन्हा पाहा. १७३९ च्या मार्चमध्ये नादिरशहा चांदणी चौकातल्या सुनहरी मशिदीत बसून कत्तल पाहत होता आणि मग मयूरासन घेऊन गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईच्या घंटा बैलगाड्यांवर चढल्या.

मी सुनहरी मशीद पाहिली आहे. शीशगंज गुरुद्वाऱ्याला लागूनच आहे, लहानशी, वर सोनेरी घुमट. लोक जिलेबी खात पुढे जातात आणि वर बघत नाहीत. मीही तीनदा तशीच गेले होते. जिलेबी चांगली असते.

घंटेचा आपल्याला अभिमान वाटतो. मलाही वाटतो. लहानपणी आजोबांचा हात धरून तिच्याखाली उभी राहिले आहे. आणि छताचा विषय निघाला की आपण मोती मशिदीकडे वळतो. दोन्ही गोष्टी एकाच पिढीतल्या, जवळजवळ त्याच माणसांच्या. वसईच्या एखाद्या शाळेची सहल रामकुंडावर आली आणि कुणी विचारलं, “सर, ही घंटा आपली ना?” तर त्यांचे सर काय म्हणत असतील, हा विचार माझ्या मनात आल्यापासून जात नाही.

गाइडने त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली नाही. तीही याच फरशीवर घडली आहे. पानिपतानंतर दहा-अकरा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत आले आणि जानेवारी १७७२ मध्ये अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला असलेल्या शाह आलमला त्यांनी आणून तख्तावर बसवलं. यात महादजी शिंदे पुढे होते. १७८८ मध्ये महादजी दूर गुंतलेले असताना नजीबखानाचा नातू गुलाम कादिर किल्ल्यात घुसला. पुरलेला खजिना दाखव म्हणून त्याने बादशहाचा छळ केला, महालांच्या जमिनी खणल्या, आणि काहीच सापडेना तेव्हा ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या शाह आलमचे डोळे काढले. ऑक्टोबरमध्ये महादजींच्या फौजेने किल्ला परत घेतला आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं. फौजेचं नेतृत्व राणेखानाकडे होतं. पानिपताहून जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून सुखरूप आणणारा भिस्ती तो हाच, अशी कथा आहे. महादजी त्याला भाऊ म्हणत. पखाल वाहणारा माणूस बादशहाला सोडवायला येतो, हे एखाद्या सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं.

मग १८०३. हा भाग मला सगळ्यात जवळचा, म्हणजे अंतराने. माझं नोएडातलं ऑफिस ब्लू लाइनवरच्या गोल्फ कोर्स स्टेशनपासून थोडंसंच दूर आहे. पाच वर्षं त्या स्टेशनवर उतरत होते. एकदा तिथल्याच एका सहकाऱ्याने, जो त्या क्लबाचा सभासद आहे, जेवताना सहज म्हटलं, “मॅडम, आप मराठी हैं ना? हमारे गोल्फ कोर्स में आप लोगों का एक पिलर है.” दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला आत घेऊन गेला. हिरवळीच्या मधोमध एक दगडी स्तंभ. ११ सप्टेंबर १८०३ ला या परिसरात पटपडगंजची लढाई झाली. जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला, आणि आपल्या बाजूचा सेनापती होता लुई बुर्क्वँ नावाचा फ्रेंच. पाच दिवसांनी लेक किल्ल्यात जाऊन आंधळ्या शाह आलमला भेटला. दिल्लीतला मराठ्यांचा अंमल तिथे संपला.

स्तंभावर मराठ्यांचं नाव आहे, हरलेले म्हणून. दिल्लीत इतक्या वर्षांत दगडावर कोरलेलं ‘मराठे’ मी वाचलं ते एवढंच. सहकाऱ्याने माझा फोटो काढला. फोटोत मी हसते आहे, कारण मागे एक गृहस्थ खोळंबून उभे होते आणि आम्ही त्यांच्या खेळाच्या मधोमध होतो.

किल्ला आणि स्तंभ एका दिवसात होतात. मंडी हाउसला गाडी बदलायची, बस. आणखी अर्धा दिवस असेल तर उत्तरेच्या टेकडीवर, रिजवर जा. तिथे हिंदुराव हॉस्पिटल आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की पुरे. कोण हा हिंदुराव, असं विचारलं तर तो खांदे उडवेल. कागलचे हिंदुराव घाटगे, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर त्याचा टेकडीवरचा बंगला त्यांनी घेतला आणि तिथे राहिले. १८५७ च्या वेढ्यात तोच बंगला इंग्रजांचा मोर्चा झाला, पुढे दवाखाना. आसपासच्या वस्तीला बाडा हिंदुराव म्हणतात. जवळच अशोकाचा स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणलेला, मग एका स्फोटात तुकडे झालेला आणि १८६७ मध्ये पुन्हा जोडून उभा केलेला. सांधे स्पष्ट दिसतात. आणि हो, बायजाबाई ग्वाल्हेर सुटल्यावर काही काळ नाशिकला येऊन राहिल्या होत्या. बघा, पुन्हा आपण आलोच.

हॉस्पिटलच्या फाटकाशी मी उभी होते तेव्हा एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन ओपीडी कुठे ते विचारत होत्या. मी त्यांना पाटी वाचून दाखवली. पाटीवरचं ते नाव त्या फाटकाशी दिवसभर कोणी ना कोणी घेत असतं.

सर, तुम्ही म्हणालात तसा एक तास लागला. मूळ प्रश्नाला आता उत्तर देते: हो, आपणच. छत उतरवणारे आपणच आणि ऑक्टोबर १७८८ ला परत आलेले तेही आपणच. प्रश्न विचारणाऱ्याने संमेलनाला येऊन हे ऐकावं, निदान चहा तरी पाजावा.

आता एक विनंती. संमेलन शनिवारी आहे आणि रविवारी दुपारपर्यंत बहुतेकांना काही काम नाही. चांदोरी नाशिकहून पाऊण तासावर आहे, आणि ते हिंगण्यांचं गाव. आपल्या वर्गातले दोघं तिकडचेच आहेत, ते वाट दाखवतील. सकाळी सात वाजता रामकुंडावर जमू. आधी घंटा पाहू, या वेळी खाली उभं राहून तिच्यावरचं साल वाचू, आणि मग निघू. गाडीत चार जागा आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी ग्रुपवर नाव टाका. चिवडा मी आणते.